भूल सगळ्यांना सारखी का चढत नाही?

निशिगंध
मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. लोक सर्जनला शंभर प्रश्न विचारतात आणि भूल देणाऱ्याला एकच: "डॉक्टर, शुद्धीवर येईन ना?" त्या प्रश्नाच्या पोटात आणखी बरेच प्रश्न असतात. त्यांच्याबद्दल इथे निवांत बोलता येईल, म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात एकाच सकाळी माझ्याकडे दोन पेशंट होते. चोवीस वर्षांचा ऊसतोड करणारा मुलगा, हाताचं हाड मोडलेलं. त्याच्यानंतर ऐंशी वर्षांच्या आजी, पोटाच्या ऑपरेशनसाठी. काट्यावर दोघांचंही वजन ५८ किलो. दोघांना झोपवायचं औषध एकच, प्रोपोफोल; दुधासारखं पांढरं दिसतं ते. मुलाला १३० मिलिग्रॅम दिलं तरी तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता, आणखी २० द्यावं लागलं. आजींना मी ५० मिलिग्रॅम दिलं, तेही थेंबाथेंबाने, आणि दीड मिनिट हात बांधून थांबले. त्या शांत झोपल्या. मुलाचा डोस आजींना दिला असता तर त्यांचं ब्लडप्रेशर कुठल्या कुठे गेलं असतं.

हे का होतं, ते सांगते. शिरेतून दिलेलं औषध म्हणजे पाटाचं पाणी समजा. पाट फोडला की पाणी आधी जवळच्या वाफ्यात शिरतं. मेंदूला रक्त भरपूर मिळतं, म्हणून मेंदू हा पहिला वाफा. अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो. मग तेच पाणी पुढे स्नायूंच्या मोठ्या शेतात पसरतं आणि पहिल्या वाफ्यातली पातळी उतरते. एकच डोस दिला तर माणूस पाच-दहा मिनिटांत जागा होतो तो याचमुळे. औषध शरीरातून गेलेलं नसतं, मेंदूतून निघून दुसरीकडे गेलेलं असतं. चरबी म्हणजे लांबच्या टोकाचं माळरान, तिथे पाणी हळूहळू जिरतं आणि निघायलाही वेळ घेतं. लिव्हर आणि किडनी आपलं काम मागून करत राहतात.

म्हातारपणी या सगळ्या व्यवस्थेत बदल होतात. स्नायू कमी झालेले असतात. औषध पहिल्यांदा ज्यात मिसळतं तो रक्ताचा साठा लहान झालेला असतो, म्हणून तेवढ्याच औषधाने पातळी जास्त चढते. हृदय संथ चालतं, त्यामुळे औषध मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. घाईचा भूलतज्ज्ञ "अजून झोपल्या नाहीत" म्हणून दुसरा डोस देतो, आणि मग दोन्ही डोस एकदम पोचतात. भरीला मेंदू स्वतःच जास्त संवेदनशील झालेला असतो. फेंटानिलसारखी अफूवर्गातली वेदनाशामकं म्हाताऱ्यांना साधारण निम्म्याने पुरतात, ती मुख्यतः या मेंदूच्या बदलामुळे.

प्रोपोफोलचा पुस्तकी डोस तरुण माणसाला किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम, वृद्धांना एक ते दीड, लहान मुलांना अडीच ते साडेतीन. होय, मुलांना किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त. दरवेळी आईबाप दचकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

विचारा काय विचारायचं ते. तुमच्या पेशंटची फाइल समोर नसताना सल्ला देणार नाही, पण कारणं सांगेन.

रानपाखरू
मंगळवार, रात्री १०:१५

फार छान लिहिलंत ताई. वासाच्या भुलेचंही वयाप्रमाणे असंच असतं का? माझ्या तीन वर्षांच्या मुलाला मास्क लावून झोपवलं होतं. तो रडत होता आणि मी बाहेर काचेतून बघत होते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

निशिगंध
मंगळवार, रात्री १०:३२

रानपाखरू, काचेबाहेरचा तो वेळ प्रत्येक आईला फार लांब जातो. मुलाला त्यातलं सहसा काही आठवत नाही, एवढं नक्की.

हो, वासाच्या औषधांचंही तसंच. चिरा दिल्यावर निम्मे पेशंट हलणार नाहीत एवढं औषध फुप्फुसात किती टक्के लागतं, ते आमचं माप. त्याला आम्ही मॅक म्हणतो. तान्ह्या बाळांत हे माप सगळ्यात जास्त असतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी ते सुमारे ६ टक्क्यांनी उतरतं. म्हणजे सेव्होफ्लुरेन हे वासाचं औषध चाळिशीत १.८ टक्के लागत असेल तर ऐंशीत १.४ च्या आसपास भागतं. गरोदरपणात हे माप चांगलंच खाली येतं. अंग गार पडलं तरी उतरतं.

पण या धाग्यावर मला सरासरीपेक्षा अपवादांबद्दल जास्त बोलायचं आहे. सरासरी यंत्रालाही कळते.

गोदाकाठ
बुधवार, सकाळी ७:०५

मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पाऊण तासाचं काम म्हणाले होते. ऑपरेशन झालं, पण तो श्वासच घेईना. सहा तास व्हेंटिलेटरवर होता. बाहेर आई जमिनीवर बसून होती. कुणी नीट काही सांगत नव्हतं. शेवटी म्हणाले, "औषध जरा जास्त वेळ राहिलं." डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एक ओळ नाही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, आता त्याचा उपयोगही नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे भाऊ नंतर म्हणाला, "ताई, मला थोडा वेळ ऐकू येत होतं. सिस्टर बोलत होत्या. मला हात हलवायचा होता, हलत नव्हता." घरात कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणाले भास झाला असेल. तो अजून दिवा बंद करून झोपत नाही.

हे काय असू शकतं?

निशिगंध
बुधवार, सकाळी ८:२०

गोदाकाठ, आधी हे सांगते: तुमच्या भावावर मी विश्वास ठेवते. असं होऊ शकतं.

भुलेत दोन वेगळी कामं असतात. मेंदूला झोपवणारं औषध वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. स्नायूंचं औषध टिकून राहिलं आणि झोपेचं उतरलं, तर माणूस जागा होतो पण पापणीही हलवू शकत नाही. २०१४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी अशा अनुभवांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. असा अनुभव आल्याचं साधारण १९ हजार पूर्ण भुलांमागे एका पेशंटने कळवलेलं होतं, आणि त्यांतले बहुतेक प्रसंग स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतानाचे होते. म्हणजे हे क्वचित होतं, पण खरं असतं. "भास झाला" म्हणून टाळलं की माणूस आणखी खचतो. भावाला एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नक्की न्या, झोप परत येऊ शकते.

आता सहा तासांबद्दल. फाइल पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही. पण अपेंडिक्ससारख्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये घशात नळी पटकन घालण्यासाठी सक्सामिथोनियम वापरायची जुनी पद्धत आहे. आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, त्याला सगळे स्कोलिन म्हणतात. ते पाच-दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं किंवा जवळजवळ नसलेलंच असतं. एरवी त्यांना काहीही त्रास नसतो. धावतात, जेवतात, म्हातारे होतात. स्कोलिन पडेपर्यंत त्यांनाही कळत नाही आणि डॉक्टरलाही. त्यांच्यात पाच मिनिटांचं औषध काही तास टिकतं.

१९५० च्या दशकात वेर्नर कालो यांनी हा आनुवंशिक फरक मोजायची रीत काढली. डायब्युकेन हे रसायन या एन्झाइमला किती टक्के रोखतं ते बघायचं. नेहमीचं एन्झाइम सुमारे ८० टक्के रोखलं जातं, बिघडलेलं सुमारे २० टक्केच, आणि आईकडून एक व बापाकडून दुसरं आलं असेल तर मधे कुठेतरी, साठच्या आसपास. एखादं औषध कुणाला कसं लागेल हे रक्तात मिळालेल्या वारशावर ठरतं, हे दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांतलं हे एक.

आता एक नाजूक प्रश्न, खटकला तर उत्तर देऊ नका. तुमचं कुटुंब आर्य वैश्य समाजातलं आहे का?

गोदाकाठ
बुधवार, सकाळी ८:५१

हो. आम्ही कोमटी. नांदेडचे. आईचं माहेर तेलंगणात. तुम्हाला कसं कळलं?

निशिगंध
बुधवार, दुपारी २:१०

मघाशी ओटीत जावं लागलं, उशीर झाला.

कळलं नाही, अंदाज केला. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांना हे बरेच दिवस माहीत आहे. २००६ मध्ये कोइंबतूरच्या संशोधकांनी वैश्य समाजातल्या लोकांमध्ये या एन्झाइमच्या जनुकातला एक नेमका बदल दाखवून दिला. प्रथिनाच्या साखळीत ३०७ व्या जागी ल्युसीन या दुव्याऐवजी प्रोलीन हा दुवा येतो आणि एन्झाइम जवळपास तयारच होत नाही. पिढ्यानपिढ्या समाजातल्या समाजात लग्नं होतात, त्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल, म्हणून एखाद्या जुन्या पूर्वजाचा बदल दोन्ही बाजूंनी एकाच मुलात उतरायची शक्यता वाढते. यात कमीपणा काही नाही. कुठलाही समाज असो, त्याच्या रक्तात असं काही ना काही चालत आलेलं असतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे, तसंच हे.

नांदेड, परभणी, लातूर भागात काम करणाऱ्या आम्हा लोकांना आडनावं ऐकून प्रश्न विचारायची सवय लागते. ती सवय सगळीकडे लागावी असं मला मनापासून वाटतं.

रक्तातल्या सिरम कोलिनएस्टरेजची तपासणी करून घ्या. भावाची, तुमची आणि आई-वडिलांचीही. तपासणी महाग नाही. गावाकडच्या हॉस्पिटलात कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटची हीच तपासणी करतात, त्यामुळे कुठल्याही मोठ्या लॅबला माहीत असते.

कपाशीवाला
बुधवार, दुपारी ३:३०

डॉक्टर, कीटकनाशकाचं नाव काढलंत म्हणून विचारतो. मी यवतमाळचा. २०१७ साली आमच्याकडे फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, माणसं दगावली, सगळ्यांना माहीत आहे. मी स्वतः दरवर्षी फवारतो. माझ्यावर भुलेचा फरक पडेल का?

निशिगंध
बुधवार, सायंकाळी ६:४५

कपाशीवाला दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून तुमचे आभार. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर "बीपी, शुगर, दमा" असतं, "शेवटची फवारणी कधी केली" हे नसतं. माझ्या मते ते असायला हवं.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. जन्मतः निरोगी असलेला माणूस फवारणीच्या हंगामात काही दिवस किंवा आठवडे तात्पुरता गोदाकाठ यांच्या भावासारखा होऊ शकतो. अशा वेळी स्कोलिन दिलं तर ते लांबतं. तेव्हा ऑपरेशनच्या आधी सांगा: कोणतं औषध फवारलं, किती दिवसांपूर्वी, तोंडाला फडकं होतं का, नंतर डोकं दुखलं किंवा घाम सुटला का. डबा फेकला नसेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. हे एन्झाइम लिव्हरच्या जुन्या आजारात आणि गरोदरपणातही कमी होतं, पण तेवढ्याने सहसा काही मिनिटांचाच फरक पडतो.

तळकोकण
बुधवार, रात्री ९:१२

माझा अनुभव उलटा. मला भूल लागतच नाही. हर्नियाच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं, अर्धा तास वाट पाहिली, पाय हलत होते. दुसऱ्यांदा दिलं, तेच. शेवटी पूर्ण झोपवलं. दाताच्या डॉक्टरकडेही हेच होतं. आमच्या वाडीतले जुने लोक म्हणतात, "तुला विंचू चावलेत ना, मग कशी लागेल." लहानपणापासून तीनदा चावलाय. यात काही तथ्य आहे का?

निशिगंध
बुधवार, रात्री ९:५५

आहे, पण जपून बोलायला हवं. विंचू चावलेल्या लोकांत सुन्न करणारी औषधं लागू पडली नाहीत असे रुग्ण आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांनी २०१२ च्या सुमारास छापून नोंदवले. विंचवाचं विष आणि सुन्न करणारी औषधं दोन्ही नसांमधल्या सोडियमच्या दारांवर काम करतात, म्हणून वारंवारच्या दंशाने ती दारं बदलत असावीत, असा त्यांचा कयास. कारण पटण्यासारखं आहे. पुरावा मात्र थोड्या रुग्णांचा आहे, त्यामुळे मी याला अजून "शक्यता" म्हणते. वाडीतल्या जुन्या लोकांचं निरीक्षण मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कोकणातल्या विंचवाच्या दंशाकडे जगाने गांभीर्याने बघितलं तेही महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथे बसून एकेक पेशंट तपासला आणि प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या औषधाने माणसं वाचवून दाखवली म्हणून.

दुसरी कारणंही असतात. मणक्यातलं इंजेक्शन योग्य जागी न पडणं हे सगळ्यात सर्वसाधारण. दाताचं वेगळंच आहे: दाढेखाली पू झाला असेल तर तिथली पेशीजाल आम्लधर्मी होते आणि औषध नसेच्या आत शिरू शकत नाही. म्हणून दंतवैद्य आधी अँटिबायोटिक देऊन चार दिवसांनी बोलावतात.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचं एवढंच, की हे दोन वेळा झालंय. पुढच्या डॉक्टरला टेबलावर झोपण्याआधी सांगा. म्हणजे तो दुसरी तयारी ठेवून सुरुवात करील आणि तुम्हाला "दुखतंय" म्हणून ओरडावं लागणार नाही.

मेलबर्नकर
गुरुवार, सकाळी ५:४०

इथे सकाळ झाली आहे, चहा घेत धागा वाचतोय. घराण्यातून चालत येणाऱ्या गोष्टींवरून आमच्या शहराची एक हकीकत सांगतो.

१९६० साली रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये एकवीस वर्षांचा तरुण पाय मोडून आला. त्याला पायापेक्षा भुलेची जास्त भीती वाटत होती. घरातले दहा नातेवाईक भूल दिल्यावर दगावले होते. मायकेल डेनबरो या डॉक्टरने ते मनावर घेतलं. हॅलोथेन हे वासाचं औषध दिल्यावर थोड्याच वेळात मुलगा तापाने फणफणला, बर्फ लावून त्याला वाचवलं. डेनबरोंनी मग सगळी वंशावळ काढली आणि त्याच वर्षी "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. आज त्याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. मी इथल्या एका हॉस्पिटलात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे त्यावरचा उतारा असलेल्या डँट्रोलीनच्या बाटल्यांची पेटी ठरलेल्या जागी असते.

निशिगंध
गुरुवार, सकाळी ८:०५

मेलबर्नकर, ही हकीकत मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. तो मुलगा घाबरून गप्प बसला असता तर?

या आजारात बहुतेकांच्या स्नायूंतल्या कॅल्शियमच्या एका दारात जन्मतः दोष असतो. वासाची औषधं किंवा स्कोलिन पडलं की ते दार उघडंच राहतं आणि स्नायू जळत सुटतात. प्रोपोफोलने तसं होत नाही. डँट्रोलीन आपल्याकडे महाग आहे आणि प्रत्येक ठिकाणी ठेवलेलं नसतं. आमच्या तालुक्याला नाही. म्हणून घरात कुणी "भुलेत गेलं" अशी कुजबूज असेल, तर ती अपशकुनी म्हणून दाबू नका. काकू कशाने गेल्या, कोणत्या ऑपरेशनला, अंग तापलं होतं का, हे आम्हाला हवं असतं.

अबोली
गुरुवार, सकाळी १०:३०

माझं वजन १२० किलो, उंची ५ फूट १ इंच. पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख आहे. सगळे म्हणतात, "तुला डबल डोस लागेल." मला फार भीती वाटते. तिथे गेल्यावर नर्सबाई वजनावरून काही बोलल्या तेही लागलं मनाला.

निशिगंध
गुरुवार, दुपारी १:४५

अबोली, वजनावरून कुणी बोलायला नको होतं. वजन ही आमच्यासाठी हिशेबाची गोष्ट आहे, तो हिशेब आम्ही नीट करायचा असतो.

आणि हिशेब "डबल डोस"चा नाही. चरबीला रक्त थोडं मिळतं. झोपवण्याच्या पहिल्या मिनिटात औषध चरबीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पहिला डोस चरबी वगळून उरलेल्या वजनावर काढायचा. तुमच्या उंची-वजनाला हे वजन आजच्या सूत्राने ५३ किलोच्या आसपास येतं. किलोला २ मिलिग्रॅम धरलं तर १०६. काट्यावरचं वजन धरणारा २४० देईल! पुढे तासभर औषध चालू ठेवायचं असेल तर मात्र एकूण वजनाचा विचार येतो, कारण तोवर माळरानाने पाणी ओढायला सुरुवात केलेली असते. स्नायूंच्या औषधांचं आणखी निराळं: स्कोलिन एकूण वजनावर, रॉक्युरोनियम उंचीला साजेशा वजनावर. एकाच माणसाला तीन वजनं.

यंत्रंही यात चुकलेली आहेत, ते सांगते कारण मला ते फार शिकवून गेलं. रक्तातली पातळी ठरवून प्रोपोफोल देणारे पंप येतात. त्यांतलं एक प्रसिद्ध गणित १९९८ मध्ये २४ निरोगी स्वयंसेवकांवरून बसवलेलं आहे. त्यात चरबीविरहित वजनासाठी एक जुनं सूत्र वापरलं आहे. तुमच्या उंचीच्या बाईसाठी ते सूत्र ८७ किलोपर्यंत ठीक चालतं, मग उलटं फिरतं. १२० किलोला ते ४० म्हणतं आणि १४० किलोला २९! वजन वाढलं की स्नायू आटले, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून जाड पेशंटला त्या पंपाच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबायचं नाही. २०१८ मध्ये तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत आणि लठ्ठ रुग्णांसकट सगळ्यांची माहिती एकत्र करून नवं गणित मांडलं गेलं, ते बरंच सुधारलेलं आहे.

तुमच्या बाबतीत डोसापेक्षा श्वासाची काळजी मी जास्त करेन. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणतात का, ते सांगा. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

पिंपळपान
गुरुवार, रात्री ८:२०

मेंदूला पट्टी लावून भूल मोजणारं यंत्र असतं ना? मग माणसामाणसातल्या फरकाची एवढी चिंता कशाला?

निशिगंध
गुरुवार, रात्री ९:००

असतं, आणि उपयोगाचंही आहे. कपाळावरच्या पट्टीने मेंदूच्या लहरी वाचून शून्य ते शंभर आकडा देतं, ४० ते ६० मध्ये पूर्ण भूल समजतात. पण केटामिन हे भुलेचं औषध दिलं की माणूस गाढ असतानाही आकडा वर जातो. त्याहून मोलाचं, आणि स्वस्त, म्हणजे मनगटाच्या नसेला हलके झटके देऊन अंगठा किती हलतो ते बघणारं यंत्र. गोदाकाठ यांच्या भावाला ते लावलं असतं तर स्नायू अजून सैल आहेत हे तिथल्या तिथे कळलं असतं, आणि झोपेचं औषध चालू ठेवता आलं असतं. माझ्या मनात हे दोन दिवस घोळतंय.

शिवाय यंत्र झाल्यावर सांगतं. माणूस आधी सांगू शकतो. फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं लिव्हर इतकं सरावतं की रॉक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम ही स्नायू सैल करणारी औषधं त्याच्यात लवकर उतरतात. रोज दारू पिणाऱ्याला सहसा जास्त औषध लागतं, आणि तोच माणूस प्यायलेल्या अवस्थेत अपघात होऊन आला तर कमी. गांजाचंही विचारावं लागतं. बायको शेजारी उभी असली की कुणी खरं बोलत नाही, म्हणून मी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबवते.

रानपाखरू
गुरुवार, रात्री ९:३४

आणि किडनीच्या पेशंटचं? सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यासाठी हातातली शीर आणि धमनी जोडायचं, फिस्तुलाचं ऑपरेशन आहे.

निशिगंध
गुरुवार, रात्री ९:५०

फिस्तुला बहुधा हातापुरता सुन्न करूनच होतो. पूर्ण भूल लागलीच तर आमच्याकडे अ‍ॅट्राक्युरियम आहे. स्नायू सैल करणारं हे औषध ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात मुद्दाम असं घडवलं गेलं, की शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या आम्ल-विम्ल पातळीला ते आपोआपच मोडतं. किडनी चालो न चालो. औषधं बनवणाऱ्यांनी पेशंटचा विचार आधी केला की काय होतं, याचं हे माझं आवडतं उदाहरण.

मॉर्फिनबद्दल मात्र सांगून ठेवा. लिव्हर त्याचं जे रूपांतर करतं, त्यातला एक भाग मॉर्फिनइतकाच जोरकस असतो आणि तो किडनीनेच बाहेर पडतो. किडनी बंद असेल तर साचत जातो, आणि रात्री वॉर्डात श्वास मंदावतो. ठरलेलं डायलिसिस चुकवू नका.

गोदाकाठ
पुढच्या शनिवारी, सायंकाळी ५:१५

निशिगंध ताई, रिपोर्ट आले. भावाची पातळी जवळजवळ शून्य. आई, बाबा आणि माझी, तिघांचीही सामान्यपेक्षा कमी. इथल्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर तेच सांगितलं जे तुम्ही लिहिलं होतंत.

मी धागा भावाला वाचायला दिला. "तुमच्या भावावर मी विश्वास ठेवते" ही ओळ त्याने दोनदा वाचली आणि उठून गच्चीवर गेला. काल रात्री आईने त्याला विचारलं, "मला सांग, काय ऐकलंस तेव्हा." दोन वर्षांत पहिल्यांदा.

अजून एक. आईने निजामाबादला मामाला फोन लावला. मामीही नात्यातलीच आहे. मामेभावाच्या हाताची प्लेट काढायचं ऑपरेशन बुधवारी आहे. त्यांना डॉक्टरला काय सांगायचं तेच कळत नाहीये. तिकडे मराठी कुणाला वाचता येत नाही.

निशिगंध
पुढच्या शनिवारी, सायंकाळी ५:३०

आधी मामेभावाचं रक्त सोमवारीच द्यायला सांगा. रिपोर्ट आला नाही तरी चालेल, चिठ्ठी पुरे. खालचा मजकूर तुम्ही तेलुगूत सांगून मामांकडून कागदावर लिहून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानाला टाचायला सांगा. तुमच्या भावाच्या पाकिटातही हीच चिठ्ठी ठेवा, फक्त "माझ्या सख्ख्या आतेभावाला"ऐवजी "मला" आणि "त्याच्या रक्तात"ऐवजी "माझ्या रक्तात" करून:

"माझ्या सख्ख्या आतेभावाला भुलेनंतर सहा तास व्हेंटिलेटर लागला होता. त्याच्या रक्तात कोलिनएस्टरेज जवळजवळ नाही. मला स्कोलिन किंवा मिव्हाक्युरियम (तेही याच एन्झाइमने तुटतं) देऊ नये. स्नायू सैल करायचे असल्यास दुसरं औषध द्यावं आणि अंगठ्याचं यंत्र लावावं. मी हललो नाही तरी जागा असू शकतो, माझ्याशी बोलत राहा."